संडासाचा रकाना कोरा नको

जनगणनेच्या घरयादीचा टप्पा यंदा एप्रिल ते सप्टेंबर या काळात राज्याराज्यांत पार पडतो आहे. प्रश्न ३३ आहेत, आणि शौचालयाची उपलब्धता आणि शौचालयाचा प्रकार हे त्यांतलेच दोन. आपल्या मोहल्ल्यांत मात्र चर्चा एकच, कागद मागणार का? ही भीती हवेतून आलेली नाही. २०२० मध्ये घरयादीला राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही जोडली होती, तेव्हाची धास्ती अजून गेलेली नाही. पण या ३३ प्रश्नांत नागरिकत्वाचा प्रश्न नाही, आणि जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार एखाद्या घराची माहिती कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा दार उघडावे, आणि संडासाच्या प्रश्नाला लाजून किंवा घाईत उत्तर देऊ नये.

२०११ मध्ये देशातील ५३.१ टक्के घरांच्या आवारात शौचालय नव्हते. पुढे स्वच्छ भारत अभियान आले, आणि २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याच सुमारास सुरू झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १९ टक्के कुटुंबे शौचालय वापरत नसल्याचे दिसले. संडास बांधला जाणे आणि वापरला जाणे यांत एवढे अंतर असू शकते. सरकारी अनुदानातून बांधलेल्या संडासात सरपण भरलेले असेल, तर घरमालक 'नाही' म्हणायला कचरतो आणि प्रगणकही फार विचारत बसत नाही.

महाराष्ट्राचा प्रश्न आणखी वेगळा आहे. २०११ मध्ये देशात ३.२ टक्के कुटुंबे सार्वजनिक शौचालयावर अवलंबून होती, तर महाराष्ट्रात जवळपास १३ टक्के. गोवंडी, भिवंडी, मालेगावच्या वस्त्यांत हे कोणाला सांगायला नको. तेव्हाचा प्रश्न 'आवारात शौचालय आहे का' असा होता, आता 'उपलब्धता' हा शब्द आहे. गल्लीच्या टोकाला पालिकेचा संडास असला, तर तो उपलब्ध म्हणायचा का? रात्री दोन वाजता आजारी आईला तिथवर नेणाऱ्या मुलीला विचारा. म्हणून घरात संडास नसेल तर 'सार्वजनिक' असे स्पष्ट सांगावे, आणि प्रगणकाने काय टिपले ते पाहावे.

आता मुद्द्याचे. घरयादीत कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर, हे विचारतात. धर्म विचारत नाहीत, तो लोकसंख्या मोजण्याच्या दुसऱ्या टप्प्यात येतो. पिढ्यान्‌पिढ्या मैला उचललेल्या हलालखोर, लालबेगी कुटुंबांचे काय होते पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींतून मुस्लिम वगळले गेले. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये दार उघडले, आपल्याला नाही. त्यामुळे हे कुटुंब घरयादीत 'इतर' ठरते. २०११ मध्ये ७.९४ लाख घरांतला मैला माणसाने उचलला जात होता, अशी जनगणनेचीच नोंद आहे. पण तो उचलणाऱ्याच्या स्वतःच्या घरात संडास आहे का, हे त्या तक्त्यातून कळत नाही. तो मुस्लिम असेल तर जातीच्या तक्त्यातूनही नाही.

धर्म आणि शौचालय एकाच फॉर्मवर असले की काय हाती लागते, त्याचे उदाहरण आहे. भारतातील मुस्लिम सरासरीने गरीब, तरी त्यांची तान्ही मुले हिंदूंच्या मानाने कमी दगावत. मायकेल गेरुसो आणि डीन स्पीअर्स यांनी २०१८ च्या लेखात त्याचे मोठे कारण शेजार असल्याचे दाखवले. मुस्लिम संडास जास्त वापरतात आणि त्यांचे शेजारीही बहुधा मुस्लिमच असतात. फायदा धर्माचा नव्हता, आजूबाजूला उघड्यावर कमी घाण असण्याचा होता, आणि तो तिथे राहणाऱ्या हिंदू कुटुंबांनाही मिळत होता. हे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांतून निघाले. पण ते नमुना सर्वेक्षण, वॉर्डापर्यंत पोहोचत नाही. जनगणना पोहोचते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे एवढे सांगतो, की दोन टप्प्यांची माहिती एका घराच्या क्रमांकावर जोडणे हे फार मोठे तांत्रिक काम नाही. यावेळी गणना मोबाइलवर होते आहे, तेव्हा ते आणखी सोपे. 'अशी जोडणी म्हणजे पाळत' असा आक्षेप आपल्याच लोकांकडून येईल, आणि तो रास्त आहे. उत्तर असे, की घराची नोंद बाहेर द्यायची नाही, फक्त वॉर्डाचा तक्ता द्यायचा. आणि एखाद्या वॉर्डात एखाद्या समाजाची मोजकीच घरे असतील, तर तो आकडा झाकायचा. जात, धर्म आणि शौचालय यांचा असा तक्ता छापा, ही मागणी नागरी संघटनांनी जनगणना महानिबंधकांकडे आताच नोंदवली पाहिजे. दुसरा टप्पा उरकल्यावर कोण ऐकणार?

आणखी एक. यंदा घरबसल्या मोबाइलवर स्वतः माहिती भरायची सोय आहे. मोबाइल बहुधा घरातल्या पुरुषाच्या हातात असतो. शौचालयाच्या दोन प्रश्नांपाशी आल्यावर त्याने तो अम्मीच्या किंवा बहिणीच्या हाती द्यावा.