पिशवीचे दोन कागद

परवा साखरखेर्ड्याच्या बसस्टँडवर मेहकरच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाईने कॅरीबॅगमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "ताई, याच्यात कॅन्सर लिहेल हाय का, पाहा बरं." सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, घड्यांवर फाटायला आलेला. वय ३४, मुलं तीन. अंडाशय ठीक, गाठ नाही. एकाच शब्दाखाली पेनाने जाड रेघ ओढलेली: 'बल्की युटेरस'. तिला सांगण्यात आलं होतं की पिशवीला सूज आहे, काढून टाका, उद्या कॅन्सर झाला तर कोण जबाबदार? संभाजीनगरच्या दिराने फोनवर भर घातली होती, करायचंच तर रोबोटनं करा, टाके बारीक असतात, सोयाबीन सोंगायच्या आत वहिनी कामाला लागतील.

बल्की म्हणजे नेहमीपेक्षा थोडी मोठी, एवढंच. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असायचीच. कधी त्या मोठेपणामागे आजार असतो, पण तो या एका शब्दावरून ठरत नाही, आणि कॅन्सर तर मुळीच ठरत नाही. कागदात कॅन्सर नव्हता. तसं सांगितलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

आता रोबोटचं. ऑपरेशन यंत्र आपोआप करतं अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात सर्जनच करतात. रुग्णापासून काही फुटांवर बसून ते पडद्यात पाहतात, दोन्ही हातांनी दांडे फिरवतात, पायाने पेडल दाबतात. पोटात वायू भरून पाडलेल्या बारीक छिद्रांतून आत गेलेली हत्यारं त्या हालचालींप्रमाणे वळतात. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात हत्यार सरळ काठीसारखं असतं, इथे त्याला मनगट आहे. चित्र खोलीसकट दिसतं आणि हाताचा थरकाप आत पोहोचत नाही. 'दा विंची' नावाच्या यंत्राला अमेरिकेत २००५ साली स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. आता भारतात तयार झालेला 'मंत्रा' हा रोबोटही रुग्णालयांत आला आहे. आतडं-मूत्राशय चिकटवून टाकणारं एंडोमेट्रिओसिस, पिशवी राखून काढायच्या अवघड गाठी, फार स्थूल बाईच्या पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर, अशा ठिकाणी जाणत्या सर्जनच्या हातात हे यंत्र मोठा आधार आहे. ते यावं, सरकारी रुग्णालयांतही यावं, असंच मला वाटतं.

पण साध्या कारणासाठी पिशवी काढायची असेल तर रोबोटने बाईच्या पदरात जास्तीचं काय पडतं? अमेरिकेतल्या ४४१ रुग्णालयांमधल्या २ लाख ६४ हजारांवर स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१३ साली याचं उत्तर प्रसिद्ध झालं. कॅन्सर नसताना पिशवी काढण्यासाठी रोबोटचा वापर २००७ ते २०१० या काळात अर्ध्या टक्क्यावरून साडेनऊ टक्क्यांवर गेला होता. गुंतागुंत मात्र साध्या दुर्बिणीइतकीच, साडेपाच टक्क्यांच्या आसपास. खर्च दर ऑपरेशनामागे सुमारे २,२०० डॉलरनी जास्त. पोटावर एकही छेद न देता खालच्या वाटेने पिशवी काढण्याची जुनी पद्धत, जिला आपल्याकडे बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात, ती जिथे शक्य असेल तिथे आधी तीच, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. शिकलेला हात आणि भूल देणारा डॉक्टर लागतो, आणि आपल्या तालुक्यांमध्ये अडतं ते तिथेच.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीने करण्यात पुण्याच्या सर्जननी नाव कमावलं, त्यांची रीत 'पुणे तंत्र' म्हणून जगात ओळखली गेली. पण २०१८ साली ६३१ स्त्रियांवरची आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के होतं, तर दुर्बिणीच्या आणि रोबोटच्या गटात ८६. छेद लहान म्हणजे धोका लहान, असं प्रत्येक वेळी गृहीत धरता येत नाही.

मला खरी चिंता वाटते ती दिराच्या फोनमधल्या त्या 'करायचंच तर' या दोन शब्दांची. करायचंच, हे कोणी ठरवलं?

बीड जिल्ह्यात ते कसं ठरत होतं, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक खाडा झाला की दंड. फडात ना आडोसा ना पाणी. अशा बाईला पाळी हीच अडचण वाटू लागते. पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून ती दवाखान्यात जाते, तिथे कॅन्सरची भीती दाखवली की ती स्वतःच काढून टाका म्हणते. याला तिची संमती म्हणायचं? आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातूनही जोड्या ऊसतोडीला जातात, आणि गावात राहिलेल्या बायांची निंदणी-सोंगणी काही वेगळी नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना पिशवी काढणं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यात जिल्हा पातळीवरच्या देखरेख समित्याही आल्या. त्या समितीकडे गावातल्या बाईने कसं पोहोचायचं, हे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं.

याच महाराष्ट्रात मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. आईची पिशवी दुर्बिणीने, शिरा-धमन्या सांभाळत, कित्येक तास खपून काढली आणि लेकीला बसवली. तिथे एक पिशवी मिळावी म्हणून एवढी शर्थ चालली होती आणि त्याच राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यांत चांगल्या पिशव्या ट्रेमध्ये पडत होत्या. हे आठवलं की मला आजही स्वस्थ बसवत नाही. त्याही आधी मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायांची पिशवी न काढता वर टांगून धरण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. शिरोडकरांचा टाका तर जगभर गर्भ वाचवतो आहे. पिशवी राखण्याची ही विद्या आपल्या घरची आहे.

कॅन्सरच्या भीतीलाही उत्तर आहे आणि तेही आपल्याच मातीतलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांवर खेडूत स्त्रियांना घेऊन मोठी चाचणी केली. २००९ साली निष्कर्ष आला: या कॅन्सरला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी आणि गरज पडली तर उपचार, एवढ्यावर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ती तपासणी साखरखेर्ड्यात मिळाली तर "उद्या कॅन्सर झाला तर" हे वाक्य बाईवर चालणार नाही. वयाच्या पस्तिशीत पिशवी काढली आणि जोडीला अंडाशयही गेले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडं आणि हृदय त्याची किंमत पुढे अनेक वर्षं मोजतात. हे तिला सांगतं कोण?

काढलेली पिशवी ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. सगळे मान डोलावतात. ती पुढे तपासणीला गेली का, हे कोणी विचारत नाही. ऑपरेशन खरंच गरजेचं होतं का, याचा पुरावा त्या तपासणीच्या अहवालातच असतो. ऑपरेशनाआधी कारण लिहिलेला एक कागद मराठीत आणि नंतर तपासणीचा दुसरा, हे दोन्ही हातात मिळणं हा प्रत्येक बाईचा हक्क मानला पाहिजे. मग ऑपरेशन सुरीने होवो, दुर्बिणीने की रोबोटने.

तिला म्हटलं, आणखी एका डॉक्टरला दाखवा, सरकारी दवाखान्यात. "त्यायले काय इचारू?" तिने विचारलं. गाडी फलाटाला लागत होती. तिच्याच रिपोर्टच्या मागे पेनाने लिहून दिलं: मला नेमका आजार कोणता? गोळ्यांनी किंवा औषधाच्या तांबीने बरं होईल का? अंडाशय ठेवणार का? काढलेली पिशवी तपासायला कुठे पाठवणार, आणि तो कागद माझ्या हातात कधी देणार?