यादीशिवाय मतदार : न्यूझीलंडमधील 'गोल्ड फील्ड्स' मतदारसंघ

मतदार यादी नाही, तरीही मतदान, असा एक मतदारसंघ न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश वसाहतकाळात अस्तित्वात होता. ओटागो प्रांतातील सोन्याच्या खाणकामगारांसाठी १८६२ मध्ये निर्माण झालेला 'गोल्ड फील्ड्स' मतदारसंघ १८७० पर्यंतच टिकला.

गेब्रियल रीड यांना १८६१ मध्ये ओटागोत सोने सापडले आणि ऑस्ट्रेलियासह अनेक ठिकाणांहून हजारो पुरुष तेथे लोटले. १८५२ च्या राज्यघटना कायद्यानुसार मताधिकार जमीन किंवा घराच्या मालकीशी अथवा भाडेपट्ट्याशी जोडलेला होता. तंबूत राहणारा, आज या दरीत तर उद्या त्या नदीकाठी असणारा खाणकामगार या निकषात बसणे कठीण होते. मात्र त्याला डावलण्याची किंमत शेजारी दिसली होती. ऑस्ट्रेलियातील बॅलारॅट येथे १८५४ मध्ये परवाना शुल्काविरुद्ध खाणकामगारांनी सशस्त्र उठाव केला होता. त्यामुळे न्यूझीलंडच्या निर्णयामागे औदार्यापेक्षा सावधगिरीच अधिक असावी.

उपाय साधा होता. ठरावीक काळ खाणकामाचा परवाना बाळगणाऱ्या पुरुषाने तो मतदान केंद्रावर दाखवायचा आणि मत द्यायचे. स्थिर पत्ता नसलेल्यांची यादी करणार तरी कशी? हा मतदारसंघ इतर मतदारसंघांच्या भूभागावरच आच्छादलेला होता आणि त्यातून दोन प्रतिनिधी निवडले जात. १८६६ ते १८७० या काळात ज्युलियस फोगेल हे त्यांपैकी एक होते. येथूनच निवडून आलेले असताना ते १८६९ मध्ये वसाहतीचे कोषाध्यक्ष झाले. १८७३ मध्ये ते पंतप्रधानपदी पोहोचले. तंबूवासीयांच्या मताला दुय्यम ठरवणाऱ्यांना हे उत्तरच होते.

पुढील फेररचनेत हा मतदारसंघ रद्द झाला. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार १८७९ मध्ये, तर स्त्रियांना १८९३ मध्ये मिळाला.

मतदार फिरता असेल तर मत कोठे द्यावे, हा प्रश्न भारतातही आहे. येथे अडचण मालमत्तेची नाही. नाव गावाच्या यादीत आणि काम दूरच्या शहरात, ही आहे. स्थलांतरित मतदारांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला आणि एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, असे सांगितले. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले. २०२४ ची लोकसभा निवडणूक या यंत्राविनाच पार पडली.