पिशवीवरचे नाव आणि पिशवीतले बी

गतवर्षी मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील भुईमुगाची दोन शेते आम्ही एकाच दिवशी पाहिली. मध्ये फक्त बांध. दोन्हींत जी.पी.बी.डी. ४ हेच वाण पेरल्याचे सांगण्यात आले. एका शेतातील पीक हिरवेगार होते. दुसऱ्यात टिक्क्याने पाने काळ्या ठिपक्यांनी भरून गळू लागली होती, आणि जी राहिली होती त्यांच्या पाठीवर तांबेऱ्याची नारिंगी पूड होती. शेंगा पोचट राहणार आणि गुरांचा पालाही जाणार, हे उघड होते. "फादर, हे वाणच आता बिघडलं," असे तो शेतकरी म्हणाला. आम्हांला ते पटले नाही.

या वाणाची हकीकत निदान धारवाडकरांनी तरी विसरू नये. ते येथल्याच कृषी विद्यापीठात तयार झाले, के.आर.जी. १ आणि आय.सी.जी.व्ही. ८६८५५ यांच्या संकरातून. या दुसऱ्या वाणातील रोग सोसण्याची शक्ती आली ती दूर बोलिव्हिया देशातील एका रानटी भुईमुगाकडून. साठांहून अधिक वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते बी तेथून गोळा केले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात त्याचा आपल्या नेहमीच्या भुईमुगाशी संकर झाला, त्याची संतती हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत आली, आणि तेथून धारवाडला. पुढे तांबेऱ्याला दाद न देण्याचा हाच गुण शास्त्रज्ञांनी जी.पी.बी.डी. ४ मधून जळगावच्या जे.एल. २४ मध्येही उतरवला. मात्र या रानटी पूर्वजाचे देणे पुष्कळ ठिकाणी कागदोपत्री नोंदलेलेच नव्हते. २०२१ साली शास्त्रज्ञांनी डी.एन.ए. तपासून ते शोधले, तेव्हा त्याचा वंश तीस देशांत पसरल्याचे दिसून आले.

अशी बियाणी जेथे सांभाळली जातात ती जनुकपेढी. दिल्लीला १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची पेढी आहे. इक्रिसॅटच्या पेढीत एकट्या भुईमुगाचे पंधरा हजारांवर नमुने आहेत. बी वाळवून शून्याखाली अठरा-वीस अंशांवर ठेवतात. परंतु तिजोरीतले सोने जसेच्या तसे राहते, बी राहत नाही. ते जिवंत असते आणि म्हातारे होते. म्हणून ठरावीक काळाने ते शेतात पेरून नवे करावे लागते, आणि घोटाळा होतो तो तेथेच. मागच्या पिकाच्या मातीत राहिलेल्या शेंगा उगवतात, चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, खळ्यात दोन नमुने मिसळतात. आमच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बापाचे नाव चुकले की पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी धावाधाव होते. तसेच हे. क्रमांक तोच, पण बी दुसरे. आणि रोगप्रतिकारक म्हणून नोंदलेला नमुना शोधायला जावे तर हाती भलतेच येते. म्हणूनच आमचे मत असे की, जनुकपेढीने नमुन्यांची संख्या सांगण्याआधी किती नमुन्यांची ओळख पुन्हा तपासली ते सांगावे. डी.एन.ए.ची तपासणी आज पूर्वीइतकी महाग नाही.

आता आपल्या बांधावर येऊ. भुईमुगाला एकरी चाळीस-पन्नास किलो दाणे बी म्हणून लागतात आणि एका हंगामात बी वाढते ते जेमतेम आठ-दहा पट. त्यामुळे खात्रीचे बी नेहमी तोकडे पडते, आणि जूनमध्ये घाई झाली की बाजार समितीतून उचललेल्या तेलाच्या शेंगाच नाव लावून पिशवीत जातात. त्या शेतकऱ्याचे बी असेच एका दुकानातून आलेले. पिशवीला प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी नव्हती, पावतीही त्याने घेतली नव्हती. मग तक्रार कशाच्या बळावर करणार? दोष दुकानदाराचा खराच. पण चिठ्ठी न पाहता, पावती न मागता चार पैसे स्वस्त म्हणून घेणारे आपणही आहोत, हे आम्ही स्पष्टच लिहितो.

कोणतेही वाण कायमचे अभेद्य नसते. बुरशीही बदलते. परंतु वाण हरले असे म्हणण्याआधी शेतात होते ते तेच वाण होते काय, हे पाहिले पाहिजे. त्या रोगट शेतातही अधूनमधून एखादे झाड हिरवे उभे होते. सगळे वाणच बिघडले असते तर ही झाडे वाचली कशी? आमच्या समजुतीने ती भेसळच होती.

शेजारच्या शेतकऱ्याचे बी घरचे होते. भुईमुगात परागीकरण बहुधा त्याच फुलात होते, म्हणून चांगले बी काही वर्षे राखता येते. २००१ च्या कायद्याने तो हक्कही आपल्याला आहे. ब्रँडचे नाव लावून मात्र ते विकता येत नाही. हा गृहस्थ बियाण्याचा तुकडा इतर वाणांपासून तीन मीटर दूर ठेवतो, वेगळी दिसणारी झाडे वेळीच उपटतो, खळे स्वच्छ झाडून घेतो आणि बी शेंगांतच ठेवून पेरणीच्या तोंडावर फोडतो. यात खर्च काही नाही, चिकाटी तेवढी लागते.

त्या दिवशी दोघांनी मिळून रोगट शेतातील हिरव्या झाडांना चिंध्या बांधल्या. काढणीला त्यांच्या शेंगा वेगळ्या ठेवल्या, त्या जेमतेम एक टोपली भरल्या. यंदा त्या बांधाकडेच्या दोन ओळींत वेगळ्या पेरल्या जाणार आहेत.