गोगलगायीवरचा चाबूक

गेल्या महिन्यात सांगलीहून साताऱ्याला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. पुतणी यंदा अकरावीला आहे. हातात चहा येतो न येतो तोच तिने मोबाइल पुढे धरला. "काका, आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एकाने हे टाकलंय. खाली सगळ्यांनी हसण्याच्या बाहुल्या टाकल्यात. मी काय लिहू?"

चित्र मी लगेच ओळखले. आपल्या वाचकांनाही ते आठवत असेल. गोगलगायीच्या पाठीवर बाबासाहेब बसले आहेत, हाती चाबूक आहे. गोगलगायीवर 'घटना' असे लिहिलेले. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हाती उगारलेला चाबूक. आणि भोवती गंमत पाहणारी गर्दी. व्यंगचित्रकार शंकर यांनी ते २८ ऑगस्ट १९४९ रोजी काढले. घटना लिहायला फार वेळ लागतो आहे, असा त्याचा रोख. आपल्याकडे 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतात, म्हणजे वरून गरीब. शंकर यांची गोगलगाय तशीही नाही, ती नुसती मंद.

पुढे २००६ साली हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने माफी मागितली, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर या सल्लागारांनी राजीनामे दिले, चित्र वगळले गेले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोडही झाली. ती मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. पण त्या वेळी आमच्या ऑफिसात काही मित्र म्हणाले, "अरे, एवढं काय, दोघेही गोगलगायीलाच मारताहेत." मारत असतील. पण नेहरूंचा चाबूक पडायचा तर वाटेत पाठ कोणाची आहे, हे त्यांनी पाहिले नाही. ज्या समाजाच्या पाठीने पिढ्यान्पिढ्या मार खाल्ला, त्याला आधी पाठ दिसते. शंभर मुलांच्या वर्गात आपली एकच मुलगी बसलेली असते, तेव्हा बाकीच्यांना गोगलगाय दिसते आणि तिला पाठ दिसते.

दोन पुढाऱ्यांना एका चौकटीत उभे करायचे आणि एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजायचे, ही वर्तमानपत्रांची जुनीच हौस. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांना असेच समोरासमोर उभे करीत. प्रत्यक्षात दोघांची गाठ एकदाच पडली, २६ मार्च १९६४ रोजी, नागरी हक्क विधेयकाची चर्चा ऐकायला दोघेही सिनेटमध्ये आले होते तेव्हा. तीही काही मिनिटांपुरती. चौकटीत मावते तेवढेच चित्रात येते.

बंधू म्हणाले, "ग्रुप सोड म्हणावं." मी म्हटले, थांबा. मी कारकून माणूस. फाईल अडली की साहेब कारकुनावर ओरडतात. तिच्यावर किती शेरे आले, किती वेळा मसुदा बदलला, हे कोणी मोजत नाही. बाबासाहेबांनी ते मोजले होते. चित्र छापून आल्यावर तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी विलंबाच्या आरोपाला उत्तर दिले. मी तिला वही घ्यायला सांगितली.

घटना समितीला झालेला काळ २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस. प्रत्यक्ष बैठका १६५ दिवस, त्यातले मसुद्यावर ११४. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली, ती बसली १४१ दिवस. आलेल्या दुरुस्त्या ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली खरी, पण तिची कलमे सात आणि आपली ३९५. शिवाय तिकडच्या लोकांना दुरुस्त्यांचा हा डोंगर चढावा लागला नव्हता. ऑस्ट्रेलियाला तर नऊ वर्षे लागली. नझीरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला 'भरकटणारी समिती' म्हटले होते. त्यावर बाबासाहेब रागावले नाहीत. आम्ही ओळखीच्या पाण्यात हवा तोच मासा शोधत होतो, अशा अर्थाचे उत्तर देऊन पुढे गेले.

आणि गाडा ओढत कोण होते? टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजीच सभागृहाला सांगितले होते: सात सभासदांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानी कारभारात, एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. भार पडला तो बाबासाहेबांवर. म्हणजे चित्रात ज्यांना गोगलगायीवर बसवले, ते खरे तर तिला खांद्यावर घेऊन चालत होते.

पुतणीने सगळे आकडे उतरवून घेतले आणि ग्रुपवर टाकले. शिवी नाही, बाहुली नाही. रात्री जेवताना मोबाइल बघून म्हणाली, "काका, कुणीच काही बोलत नाही. एकाने फक्त विचारलंय, हे खरं आहे का."

"मग?"

"भाषणाची तारीख दिलीय. वाच म्हटलं." थोडे थांबून तिने पुन्हा ते चित्र उघडले. "पण काका, ही मागची हसणारी माणसं कोण हो?"

बंधूंनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. वहिनी म्हणाल्या, "आधी भाकरी खा."