केडलस्टनचें उद्यान व उठविलेलें गांव

विलायतेस जाणारे आमचे व्यापारी बंधु सवड काढून एखादा जुना सरदारी वाडा पाहून येतात, हें योग्यच आहे. डर्बीशायरांतील केडलस्टन हॉल हा त्यांपैकींच एक. लॉर्ड कर्झन १८५९ सालीं येथेंच जन्मले; कलकत्त्याचें गव्हर्नमेंट हाउस याच वाड्याच्या धर्तीवर बांधलें आहे. आंतील मोठ्या दालनांतले अलाबास्टर दगडाचे वीस स्तंभ पाहून कोणाचीही मान वर जाईल. पण बाहेर आल्यावर वाड्यास खेटून उभ्या असलेल्या जुन्या चर्चकडे वाचकांनीं अवश्य पाहावें. चर्च आहे, मग गांव कोठें आहे? सर नॅथॅनिएल कर्झन यांना नवा वाडा व त्याभोंवतीं अखंड उद्यान हवें होतें. सबब १७५९ च्या सुमारास गांव उठवून दूर वसविलें, हमरस्ताही वळविला. देव तेवढा जागचा हलला नाहीं! गांवकऱ्यांस कोण विचारतो?

१९८७ पासून वाडा नॅशनल ट्रस्टकडे असून तिकीट काढून कोणासही आंत जातां येतें, ही सुधारणा स्तुत्य होय. व्हाइसरॉय असतां कर्झनसाहेबांनीं जमविलेल्या पौर्वात्य वस्तूंचें दालनही तेथें आहे. अशा वाड्यांचा वसाहतींशीं व गुलामगिरीशीं असलेला संबंध ट्रस्टनें २०२० सालीं अहवालांत छापला, तेव्हां तिकडे कित्येक रागावले. तो राग आम्हांस अनाठायीं वाटतो. जमेचें पान दाखवून नांवेंचें झांकणारी वही आमच्या पेठेंत कोणी खरी मानीत नाहीं. तिकीट घेणाऱ्यानें तेथील मार्गदर्शकास निःसंकोच विचारावें, गांव नेमकें कोणत्या हिरवळीवर होतें?