शहराची सुट्टी, सिल्लोडची वाट

सिल्लोड : दिवाळीची सुट्टी लागली की छत्रपती संभाजीनगर-जळगाव महामार्गावर दोन उलट दिशांचे प्रवाह सुरू होतात. सिल्लोडहून निघणाऱ्या एसटी गाड्या खरेदीसाठी शहराकडे जाणाऱ्या कुटुंबांनी भरतात, तर त्याच वेळी शहरातून अजिंठ्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या मोटारी सिल्लोड ओलांडून पुढे जातात. शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर असलेल्या या तालुक्याच्या गावाला दोन्ही प्रवाह स्पर्श करतात. मात्र थांबत कोणीच नाही. सुट्टीतला आनंद आणि त्याबरोबर फिरणारा पैसा नेमका कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

शहराचे आकर्षण

सुट्टीतील विरंगुळ्याची शहराकडे उणीव नाही. गुलमंडी, पैठण गेट आणि औरंगपुऱ्यातील बाजार वसुबारसेच्या आधीपासूनच गजबजतात. राजाबाजारातील ग्रामदैवत संस्थान गणपतीचे दर्शन, बीबी का मकबरा आणि पाणचक्कीची फेरी, मुलांसाठी सिद्धार्थ उद्यान, संध्याकाळी कपड्यांची खरेदी असा एका दिवसाचा भरगच्च कार्यक्रम सहज आखता येतो. पैठणी आणि हिमरू या विणकामाची ओढ बाहेरगावच्या पाहुण्यांना असते. दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची ३४ लेणी तर शहराच्या उंबरठ्यावरच आहेत.

सिल्लोडच्या रहिवाशांनाही या शहराची ओढ आहे आणि प्रवास आता पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला, तर मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. आजी, आई आणि दोन मुले असे कुटुंब शहरात जाऊन खरेदी करून त्याच दिवशी परतणे त्यामुळे आवाक्यात आले. कुटुंबाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. स्वस्त प्रवासाने शहरातील मोठी दुकाने तालुक्याच्या ग्राहकाच्या जवळ आली आणि स्थानिक कापड दुकानदाराची दिवाळी तितकीच अवघड झाली.

पिकावर ठरणारी दिवाळी

शहरातील नोकरदाराची दिवाळी पगार आणि बोनसवर ठरते. सिल्लोडची दिवाळी मात्र कापूस आणि मक्यावर ठरते. शिवना, आमठाणा परिसरातील हिरव्या मिरचीने तालुक्याला राज्याबाहेरची बाजारपेठ मिळवून दिली आहे. मिरचीचा हंगाम साधला आणि कापसाची पहिली वेचणी दिवाळीपूर्वी घरात आली, तर बाजारपेठेत चैतन्य दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली आणि महिन्याभरात दिवाळी आली. अशा वर्षी शहरातील सहल हा पहिला खर्च रद्द होतो, नवे कपडे हा दुसरा. सुट्टीचे बेत सर्वांसाठी सारखे नसतात, याची ही साधी खूण आहे.

पिकाने दगा दिलेल्या वर्षी पर्यटनाचे उत्पन्न हाताशी असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. वास्तविक सिल्लोडला ही संधी भौगोलिक स्थानानेच दिलेली आहे. अजिंठा हे गाव याच तालुक्यातले. त्यापुढे घाट उतरला की सोयगाव तालुक्यातील फर्दापूर आणि जगप्रसिद्ध लेणी. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडलेल्या आणि १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या लेण्यांकडे शहरातून जाणारा पर्यटक सिल्लोडमार्गेच जातो.

एका दिवसाचे गणित

अडचण आहे ती वेळापत्रकाची. शहरापासून लेणी सुमारे १०० किलोमीटरवर. खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर उभी करायची, तेथून चार किलोमीटर बसने जायचे, चित्रांच्या लेण्यांत मर्यादित संख्येनेच प्रवेश असल्याने गर्दीच्या दिवशी रांगेत थांबायचे आणि संध्याकाळी परत शहरातील हॉटेल गाठायचे. या धावपळीत सिल्लोडच्या वाट्याला चहा आणि नाश्ता, फार तर पेट्रोल येते. मुक्काम शहरात, तिकीट लेण्यांवर, खरेदीही शहरात. २०१८ च्या सुमारास सुरू झालेले महामार्ग रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. खोदलेल्या रस्त्यामुळे त्या काळात पर्यटकांचे हाल झाले आणि वाटेवरच्या व्यावसायिकांना त्याची झळ बसली.

त्यात बंदचे वार. अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतात. २०२५ मध्ये नरक चतुर्दशी सोमवारी, २० ऑक्टोबरला, तर लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ऑक्टोबरला आले. म्हणजे दिवाळीच्या ऐन दोन दिवशीच दोन्ही लेण्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या आल्या. बंदच्या दिवशी पाहुण्याला दाखवायचे काय, याचे उत्तर एकेकाळी फर्दापूरजवळ उभे होते. जपानच्या कर्जसाहाय्याने बांधलेले पर्यटक केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. मूळ चित्रांवरचा गर्दीचा भार हलका व्हावा म्हणून तेथे क्रमांक १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या होत्या. मात्र वीज आणि पाण्याची देयके थकली आणि हे केंद्र काही वर्षांतच बंद पडले. ज्या दिवशी मूळ लेण्यांची दारे बंद असतात, नेमक्या त्या दिवशी ते कामी आले असते.

न पाहिलेला तालुका

अजिंठ्यापलीकडे या परिसरात पाहण्यासारखे काही नाही, असे मुळीच नाही. सिल्लोड तालुक्यातील जंजाळा गावाजवळ घटोत्कच लेणी आहेत. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तेथे आहे आणि अजिंठ्याचे क्रमांक १६ चे लेणेही याच वराहदेवाने कोरवून घेतलेले. म्हणजे अजिंठ्याच्या कथेचे एक पान सिल्लोडच्या डोंगरात आहे. पण अजिंठा पाहून परतणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. उंडणगावच्या पुढे घाटातील वेताळवाडीचा किल्ला दिवाळीच्या सुमारास अजून हिरवा असतो. अजिंठा गावातील निजामकालीन सराई आणि शेजारच्या भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील शिल्पसमृद्ध मंदिर हीदेखील याच फेरीत बसणारी ठिकाणे आहेत.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. सावंगीजवळ त्यावरून उतरणाऱ्या मुंबई किंवा नागपूरच्या पर्यटकाला आता शहरात न शिरताही सिल्लोडची वाट धरता येते. ही सिल्लोडसाठी संधी आहे तसा धोकाही आहे. मुक्कामाची सोय नसेल तर हाच पर्यटक पूर्वीपेक्षा अधिक वेगाने पुढे निघून जाईल.

उपाय खर्चिक नाहीत. अजिंठ्याच्या सहलीला एक मुक्काम जोडणारा दोन दिवसांचा मार्ग आखणे, घटोत्कच आणि वेताळवाडीला नेणारे ठळक दिशाफलक लावणे, सुट्टीच्या काळात सिल्लोड बसस्थानकातून या ठिकाणांसाठी एसटीच्या फेऱ्या सोडणे आणि बंदचे वार शहरातील प्रत्येक हॉटेलात ठळकपणे लावणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. बंद पडलेल्या केंद्रासारख्या मोठ्या वास्तू उभारताना त्यांच्या वीजबिलाची तरतूद आधी केली पाहिजे, हा धडाही घेण्याजोगा आहे.

सणासुदीला लोक शहराकडे जाणारच. ते थांबवण्याचे कारणही नाही. प्रश्न आहे तो परतीच्या प्रवाहाचा. शहरातून निघालेल्या पाहुण्याने सिल्लोड तालुक्यात एक रात्र काढली, तर त्याच्या जेवणाचा, खोलीचा आणि वाटाड्याचा पैसा येथे राहील आणि अतिवृष्टीच्या वर्षीही येथील काही घरांत दिवाळीचा फराळ वेळेवर होईल.