समीकरणाच्या वेशीबाहेर

कोरोनाच्या महामारीने आपल्या पिढीला जे नवे शब्द दिले, त्यांत ‘मॉडेल’ हा शब्द मोठ्या मानाने मिरवला. २०२० साली येथे ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सायंकाळी एक वक्ररेषा दाखविली जाई आणि तिच्या शेजारी उभे राहून मंत्रिगण आपले निर्णय जाहीर करीत. आपले कामावर जाणे, मुलांची शाळा, भारतातील आईवडिलांच्या अंत्यदर्शनास जाता येणे वा न येणे, हे सारे त्या रेषेवर ठरत होते. जिच्या हाती एवढी सत्ता आहे ती रेषा कोण काढतो आणि काय गृहीत धरून काढतो, हे विचारणे केवळ गणितज्ञांचे काम नव्हे. ते तुमचे-आमचेही काम आहे.

या विद्येचे एक मूळ थेट मुंबईत सापडते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १९२७ साली एडिंबरो येथील विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथींच्या गणितावरील आपला पायाभूत निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक भारतात वैद्यकीय सेवेत राहून गेलेले. केरमॅक प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले. त्यांनी समाजाचे तीन भाग कल्पिले : ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि बरे होऊन वा मरण पावून जे साखळीतून बाहेर पडले ते. माणसे एका भागातून दुसऱ्या भागात किती वेगाने सरकतात, याची समीकरणे त्यांनी मांडली. आजच्या संगणकांवर चालणारी अवाढव्य मॉडेल्स बव्हंशी त्याच बीजाचा विस्तार होत. ही समीकरणे पडताळण्यासाठी त्यांनी जे आकडे घेतले, ते होते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंचे. याच प्लेगच्या आरंभीच्या वर्षांत, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची शुश्रूषा करता करता पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते.

केरमॅक-मॅकेंड्रिक यांची रेषा मुंबईच्या आकड्यांशी सुरेख जुळली. परंतु प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे, आणि त्या समीकरणात ना उंदीर होता ना पिसू. माणसांतील साथ ही उंदरांतील साथीची छाया आहे, याची जाणीव खुद्द त्या लेखकांनाही होती. म्हणजे रेषा जुळली, तरी कारण हाती आले होते असे नव्हे. उंदीर कोणाच्या खोलीत शिरतो आणि कोणाच्या बंगल्यात शिरत नाही, हे त्या समीकरणाला विचारण्याची सोयच नव्हती.

हे मी मॉडेलची टवाळी करण्यासाठी सांगत नाही. टवाळी करणारे पुष्कळ आहेत. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील नील फर्ग्युसन यांच्या गटाने अहवाल दिला, की काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत सुमारे २२ लाख माणसे दगावतील. पुढे तेवढी दगावली नाहीत, म्हणून गणित खोटे ठरले असा ओरडा झाला. हा आक्षेप मला बालिश वाटतो. ‘काहीच न केल्यास’ हे शब्द त्या विधानाचा कणा होते, आणि सरकारने तर २३ मार्चला देश बंद केला. त्या चौकशीच्या अध्यक्ष बॅरोनेस हॅलेट यांच्या नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात तर, टाळेबंदी एक आठवडा आधी आली असती तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३ हजार मृत्यू कमी झाले असते, असा अंदाज नमूद आहे. हा अंदाजही मॉडेलवरूनच काढलेला आहे. तेव्हा मॉडेल टाकून देणे आपल्याला परवडणारे नाही. आंधळेपणाने माणसे मरतात आणि त्यांत गरीब आधी मरतो.

माझा आक्षेप निराळा आहे. साध्या मॉडेलमध्ये समाजातील प्रत्येक माणूस इतर प्रत्येकाला सारख्याच शक्यतेने भेटतो असे धरले जाते. जातीने आणि वस्तीने चिरफाळलेल्या समाजाविषयी याहून भोळे गृहीतक शोधून सापडणार नाही! जुलै २०२० मध्ये मुंबईच्या माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के, तर त्याच विभागांतील इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा आढळल्या. नकाशावर विभाग एक, साथी मात्र दोन! टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांतील संशोधकांनी मुंबईचे मॉडेल रचताना झोपडपट्टी वेगळी धरली, लोकल गाड्यांचाही हिशेब केला. असे करता येते, याचा हा पुरावाच होय.

दिल्लीत मात्र वेगळेच घडले. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एकाच राष्ट्रीय वक्ररेषेच्या आधारे सांगितले, की शिखर ओलांडले आहे आणि पथ्ये पाळल्यास फेब्रुवारी २०२१ अखेर साथ ओसरेल. अटी बाजूला पडल्या, दिलासा तेवढा उरला. मे २०२१ च्या आरंभी दररोज सुमारे ४ लाख नवे रुग्ण नोंदले जात होते.

त्याआधीची टाळेबंदी आठवा. २४ मार्च २०२० रोजी चार तासांच्या सूचनेवर सारा देश बंद झाला. संपर्क घटला की रेषा खाली येते, एवढे समीकरणाला कळते. रोजंदारीच्या माणसाची चूल कितव्या दिवशी विझते हे त्यात कोणी घातल्याशिवाय येत नाही. ८ मे रोजी करमाडजवळ रेल्वेरुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून पायी निघालेली ती माणसे कोणत्याच रेषेवर नव्हती.

आणि तो शब्द! ‘सोशल डिस्टन्सिंग’चे मराठीत सरसकट ‘सामाजिक अंतर’ झाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी सामाजिक अंतर कशाला म्हणतात ते पुरेपूर भोगले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा प्रयोग पुढे केला, पण मराठी फलक बदलायला कोणाला सवड होती?

येथील स्थितीही फार वेगळी नव्हती. इंपिरियलच्या त्या अहवालात मृत्यूचा धोका वयानुसार मांडला होता. परंतु जून २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडने दाखवून दिले, की वय, लिंग, वंचितता आणि प्रदेश यांचा हिशेब करूनही बांगलादेशी वंशाच्या रुग्णांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट होता. भारतीयांसह इतर आशियाई गटांनाही तो अधिकच होता. बस चालविणारे, वृद्धाश्रमात सेवा करणारे, एका घरात तीन पिढ्या नांदविणारे लोक कोण आहेत, हे आपल्याला सांगावयास नको. इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूच्या दाखल्यावर तेव्हा वंशाची नोंदच नव्हती. जुनी जनगणना जोडून ते आकडे काढावे लागले. सप्टेंबर २०२४ पासून वैद्यकीय दाखल्यात तो रकाना आला आहे.

तो रकाना रुग्णाच्या नोंदींवरून भरला जातो. दवाखान्यातील अर्जावर ‘सांगू इच्छित नाही’ अशी खूण करण्याची आपल्या अनेक कुटुंबांची रीत आहे. तिच्यामागची भीती मला समजते, कारण पिढ्यान्पिढ्या आपली नोंद झाली ती आपल्याला दूर ठेवण्यासाठीच. तरीही या देशात, या कामापुरती, ती रीत मोडावी असे माझे मत आहे. आणि विद्यापीठांत संख्याशास्त्र व संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी बँकांची वाट सोडून सार्वजनिक आरोग्याच्या खात्यांत शिरावे. पुढच्या साथीचे मॉडेल रचले जाईल, तेव्हा ‘इतर’ या एका शब्दात कोणाकोणाला कोंबले आहे, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारावे.